सहा सह्या

भरती यायला अजून तीन तास होते. बंदराचं तोंड समोर होतं, धक्क्यावर हलणारी माणसंही दिसत होती, पण पाणी चढल्याशिवाय जहाज आत नेता येत नव्हतं. सात महिन्यांनी घर दिसायला लागलं की एरवी खलाशी कठड्याला लटकतात, उगाचच ओरडतात, ठेवणीतले शर्ट काढतात. या वेळी कुणी दाढीसुद्धा केली नव्हती.

कप्तानाने सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. खोली कसली, एक पलंग आणि एक टेबल. त्यात सहा माणसं उभी राहिली तेव्हा एकमेकांचे श्वास मानेला लागत होते. टेबलावर जहाजाची नोंदवही उघडी होती.

"मी वाचतो," कप्तान म्हणाला. "कुणाला काही म्हणायचं असेल तर इथे म्हणा. खाली उतरल्यावर नाही."

त्याने वाचलं. पहाटे वादळात मधली डोलकाठी अर्ध्यातून मोडली. तिच्यावर शीड गुंडाळायला चढलेला खलाशी तिच्याबरोबर समुद्रात पडला आणि तत्काळ बुडाला. शोध घेतला, सापडला नाही.

वाचून झाल्यावर त्याने खाली सही केली आणि लेखणी पुढे केली. सुकाणू धरणाऱ्याने सही केली. त्याला सगळे सुकाण्या म्हणत. मग आचाऱ्याने केली. मग दोघे सख्खे भाऊ होते, ज्यांना जहाजावर थोरला आणि धाकटा एवढंच नाव होतं, त्यांनी केली. शेवटी वही सुताराकडे आली.

"साहेब, तत्काळ कुठे बुडाला तो?" सुतार म्हणाला.

कप्तानाने लेखणी त्याच्यासमोर ठेवली.

"जिवंत माणूस तोडून दिला असं लिहू?" कप्तानाने आवाज चढवला नाही. "लिहितो. चौकशी बसेल. माझा परवाना जाईल, जाऊ दे. पण सुतार, कुऱ्हाड माझ्या हातात नव्हती."

सुताराने सही केली.

खरं काय झालं होतं ते सहाही जणांना माहीत होतं. एकोणीस दिवसांपूर्वी डोलकाठी मोडून उजव्या अंगाला पाण्यात पडली, पण सुटली नाही. दोरांनी आणि तारांनी ती जहाजाला बांधलेलीच राहिली. प्रत्येक लाटेबरोबर ते भलंमोठं लाकूड जहाजाच्या अंगावर दाणकन आदळत होतं, आणि पाण्याने भरलेलं शीड जहाजाला त्या बाजूला ओढत होतं. उजवा कठडा पाण्याखाली जायला लागला होता. आणि त्या सगळ्या गुंत्यात, जहाजापासून पंधरा-वीस हातांवर, तो लाकडाला मिठी मारून जिवंत होता.

त्याला गप्प्या म्हणत, कारण तो कधी गप्प बसत नसे. शिडावर चढतानाही त्याची टकळी चालू असायची. वरून एखाद्या गोष्टीचा शेवट ओरडून सांगायचा आणि खाली सगळे हसायचे. झोपेतही बोलायचा. त्याच्या शेजारी झोपायला कुणी तयार नसे म्हणून सुताराने आपला बिछाना त्याच्या बाजूला लावला होता. "माझा एक कान तसाही गेलाय," सुतार म्हणायचा. तीन सफरी ते दोघे शेजारी झोपले. गप्प्या चौतिशीचा, सुतार अठ्ठावन्नचा. गप्प्या त्याला काका म्हणायचा, आणि सुताराला मुलगा नव्हता.

दोघा भावांनी दोनदा दोर फेकला. दुसऱ्यांदा तो गप्प्याच्या हातात आलाही. पण त्याचा पाय कशात तरी अडकला होता. इकडून ओढलं की तो पाण्याखालीच जायचा. तेवढ्यात पुन्हा दणका बसला आणि सुताराला खालून वेगळाच आवाज ऐकू आला. तीस वर्षं जहाजाची लाकडं ठोकल्यावर असा आवाज ओळखायला बघावं लागत नाही. त्यानेच ओरडून सांगितलं, "फळी फुटली! पाणी आत येतंय!"

कप्तान सुकाण्याबरोबर चाक धरून उभा होता. त्याने एकदा पाण्याकडे बघितलं आणि ओरडला, "तोड!"

तोडणं हे सुताराचंच काम होतं. त्याने दोरा-तारांवर कुऱ्हाडीचे सहा घाव घातले. लाकूड, शीड आणि त्यावरचा माणूस एकदम मागे पडले, जहाज सरळ झालं आणि पुढच्या दोन लाटांनंतर मागे काही दिसलं नाही. दिवसभर सुतार आणि आचारी तळाशी गुडघाभर पाण्यात उभे राहून फुटलेल्या फळीवर फळी मारत होते. त्या दिवसापासून जहाजावर कुणी गप्प्याचं नाव घेतलं नाही.

भरती आली आणि जहाज धक्क्याला लागलं.

आगाऊ खबर द्यायला वाटेत बंदरच लागलं नव्हतं, त्यामुळे धक्क्यावर कुणालाच काही माहीत नव्हतं. सुताराची लेक आणि जावई आले होते. त्यांच्या पलीकडे गप्प्याची बहीण उभी होती. लहानपणी आईबाप गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं होतं, आणि जहाजावर सगळे तिला त्याच्यासारखंच ताई म्हणत, कारण त्याच्या निम्म्या गोष्टी तिच्याच असायच्या. ती दवाखान्याच्या धुलाईखोलीत कामाला होती. सोड्याच्या पाण्याने तिच्या हातांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती, आणि ते हात तिने पोटाशी धरले होते.

उतरायची फळी टाकली गेली. एकेक जण उतरला. सुतार वर उभा राहून तिच्याकडे बघत होता. आचारी उतरला तेव्हा ती हसली. भाऊ उतरले तेव्हा ती त्यांच्या मागे बघायला लागली. मग तिची नजर मोडक्या डोलकाठीवर गेली. ती तिथेच थांबली, आणि तिचे ओठ हलायला लागले. ती माणसं मोजत होती. एकदा मोजून झाल्यावर तिने पुन्हा पहिल्यापासून मोजली.

कप्तान टोपी हातात घेऊन तिच्यापाशी गेला.

ती रडली नाही. तिने विचारलं, "त्याची पेटी कुठे आहे?"

पेटी पोचवायला सुतार गेला, कारण तो त्याच गावचा. सुकाण्याही बरोबर आला. का आला ते दोघांनाही कळत होतं.

दवाखान्यामागच्या चाळवजा इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तिची खोली होती. दारासमोर जिना, जिन्यात ओळीने बादल्या. आत एक पलंग, आणि खिडकीखाली घडीची खाट उघडून ठेवलेली. तिच्यावर दवाखान्यासारखी कडक इस्त्रीची चादर. खाट कुणासाठी मांडली आहे हे विचारायची गरज नव्हती. पेटी ठेवायला खोलीत तेवढीच जागा होती, तरी दोघे पेटी हातात धरून उभेच राहिले.

"ठेवा तिच्यावरच," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्रास झाला का त्याला?"

"ताई, कळलंसुद्धा नाही त्याला," सुकाण्या लगेच म्हणाला. "काठी पडली, डोक्याला लागलं असणार. क्षणात गेला."

तिने सुताराकडे बघितलं. "काका, तुम्ही तिथे होतात?"

"होतो."

"क्षणात?"

"हो."

तिने मान हलवली. दोनदा, तीनदा. एखादं जड भांडं नीट बसलं की नाही ते बघावं तसं तिने ते मनात ठेवून बघितलं असावं. "तेवढं तरी बरं," ती म्हणाली. "पाण्याची फार भीती होती त्याला लहानपणी. नळाखाली डोकं धरलं तरी किंचाळायचा."

जिना उतरताना सुकाण्या म्हणाला, "बघितलंस ना? शांत झाली."

माल उतरवायला तीन दिवस लागले. जहाज आता दुरुस्त होणार नव्हतं, मोडीत निघणार होतं, त्यामुळे पुढच्या सफरीचं कुणी बोलत नव्हतं. बंदराच्या कचेरीने नोंदवही तपासली, सहाही जणांना एकेक करून आत बोलावलं, जे लिहिलंय ते बरोबर का असं विचारलं. सहाही जण बरोबर म्हणाले. मग सगळ्यांना मोकळं केलं.

आधी आचारी गेला. तो कुठल्याशा आतल्या गावात मेव्हण्याच्या खाणावळीत काम करणार होता. समुद्र दिसणार नाही अशी जागा बघितलीय, म्हणाला. सुतार त्याला गाडीपर्यंत सोडायला गेला. आचारी पातेली-डाव पोत्यात बांधून घेऊन चालला होता आणि प्रत्येक पावलाला पोतं खणखणत होतं.

"काका, सात महिने माझ्या हातचं खाऊन जगलात," तो म्हणाला. "आता कशाने मरताय तुम्ही!"

नेहमीचा विनोद होता त्याचा. प्रत्येक सफरीनंतर करायचा. या वेळी तोंडातून निघाल्यावर त्याचाच चेहरा पडला.

"एक विचारू?" सुतार म्हणाला. "त्या वेळी तू कठड्याजवळ होतास. काही ऐकलंस का?"

"वारा ऐकला," आचारी म्हणाला आणि पोतं खांद्यावर घेतलं. गाडी सुटेपर्यंत त्याने खिडकीतून हात हलवला. गाडी वळणाला लागली तेव्हा तो शेजारच्या माणसाशी बोलायला लागलेला सुताराला दिसला.

दोघा भावांना दुसऱ्या दिवशी इंजिनाच्या मोठ्या जहाजावर काम मिळालं. त्याच धक्क्यावर, चार जहाजं सोडून. पिशव्या पाठीला लावून ते निघाले तेव्हा धाकट्याने एकदम सुताराला मिठी मारली.

"काका, दोर त्याच्या हातात होता हो," तो सुताराच्या खांद्यात म्हणाला. "या टोकाला मी होतो. मला हाताला कळत होता तो."

"चल," थोरला म्हणाला.

"तो काही म्हणाला का रे?" सुताराने विचारलं. "ऐकलं तुम्ही?"

"हात हलवत होता एवढं दिसलं," धाकटा म्हणाला. "तोंडही हलत होतं. पण त्याचं तोंड काय, नेहमीच हलायचं."

"काका, पुरे आता," थोरला सुताराकडे न बघता म्हणाला. त्याने धाकट्याचा दंड धरला आणि दोघे चालायला लागले. जहाजावर हे दोघे सतत भांडायचे. एकाचं पांघरूण दुसऱ्याने घेतलं म्हणून आठवडा आठवडा बोलायचे नाहीत. आता धक्क्यावरून ते असे अंगाला अंग लावून गेले की मधून वारासुद्धा गेला नसता.

तिसऱ्या दिवशी कप्तान गेला. त्याला मालकांच्या मोठ्या कचेरीत जाऊन जहाजाचं काय झालं ते सांगायचं होतं. रिकाम्या जहाजावर तो आणि सुतार दोघेच होते. कप्तानाने हात पुढे केला. वीस वर्षांत त्याने असा हात कधी पुढे केला नव्हता.

"सुतार, तू सहा जीव वाचवलेस. हे मी कुठे लिहू शकत नाही, म्हणून तोंडाने सांगतो."

"साहेब, तो बोलत होता."

कप्तानाने हात सोडला नाही. "तू ऐकलंस?"

"मी सगळ्यांत जवळ होतो. चांगला कान त्या बाजूला होता."

सुतार वाट बघत राहिला. गप्प्या काय बोलला हे कप्तानाने विचारलं असतं तर त्याने तिथल्या तिथे सांगितलं असतं, आणि मग ते दोघांचं झालं असतं.

"मग ते तुझ्याजवळच राहू दे," कप्तान म्हणाला. त्याने टोपी घातली आणि फळीवरून उतरून गेला. त्याची चाल या तीन दिवसांत म्हाताऱ्या माणसाची झाली होती.

सुकाण्या सगळ्यांत शेवटी गेला. त्याच्याशी वीस वर्षांची दोस्ती. सुताराच्या लेकीच्या लग्नात वाढायला हा उभा होता, आणि सुताराची बायको गेली तेव्हा खांदा द्यायलाही हाच. स्टेशनवर दोघांनी बाकावर बसून चहा घेतला. गाडीला वेळ होता.

"आता पत्रबित्र नको पाठवूस," सुकाण्या म्हणाला.

सुताराला वाटलं तो गंमत करतोय. "का रे? हस्ताक्षर वाचता येत नाही माझं?"

"तसं नाही. आपण भेटलो की दोघांनाही तेच आठवणार. तू काही बोलला नाहीस तरी तुझं तोंड बघून आठवणार. मला झोप लागत नाही रे. गावाला गेल्यावर लागेल असं वाटतंय." त्याने कप बाकाखाली ठेवला. "राग मानू नकोस. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. तू केलंस ते बरोबर केलंस. पण नको भेटूया."

"बरं," सुतार म्हणाला.

गाडी आली. सुकाण्या चढला आणि दाराशी उभा न राहता आत जाऊन बसला. सुतार फलाट रिकामा होईपर्यंत उभा राहिला. जहाजावर एकोणीस दिवस कुणी एक अक्षर बोललं नव्हतं, पण सहा जणांना माहीत होतं. जेवताना, पाणी उपसताना, चाकापाशी, कुठेही नजर गेली की समोरच्यालाही तेच माहीत आहे हे कळायचं. तेव्हा त्याला त्या नजरा नकोशा झाल्या होत्या. आता त्या पाचही नजरा आपापल्या वाटेने गेल्या होत्या, आणि घरी जाऊन लेकीला काय सांगायचं हे त्याला सुचत नव्हतं.

त्याने काही सांगितलं नाही. जावयाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सुतार सकाळी तिथे जाऊन बसायचा, लाकडी फळ्या-खणांची डागडुजी करायचा. रविवारी दुकान बंद असायचं. पहिल्याच रविवारी ताई आली.

"गप्पा मारायला आले," ती म्हणाली. "तो तुमच्याबद्दल फार बोलायचा. तुम्ही घोरता म्हणायचा."

"मी?" सुतार म्हणाला. "तो माझ्याबद्दल असं सांगायचा?"

लेक हसली, ताईही हसली. चहा झाला. त्यानंतर ती दर रविवारी यायला लागली. गप्प्या जहाजावर काय खायचा, काय बोलायचा, कुणाशी भांडायचा, सगळं तिला हवं असायचं. सुतार सांगायचा. जाताना ती दर वेळी एक वाक्य म्हणायचीच: धुलाईखोलीतल्या बायकांनाही मी सांगितलं, म्हणायची, क्षणात गेला, कळलंसुद्धा नाही. तिथे रोज चादरी येतात, कुणाच्या कशा येतात ते आम्हाला दिसतं. त्यापेक्षा हे बरं.

"बिचारीला तुमचाच आधार आहे, बाबा," लेक म्हणायची. "तुम्ही बोललात की तिचा चेहरा खुलतो."

पाचव्या रविवारी ती आली तेव्हा सुतार बंद दुकानात एकटाच होता. अर्धं शटर वर करून ती वाकून आत आली, एका उलट्या खोक्यावर बसली आणि पिशवीतून विणलेला गळपट्टा काढला.

"त्याच्यासाठी घेतला होता करायला. आता तुमच्यासाठी पुरा केला."

सुताराने हात पुढे केला नाही.

"ताई, हा मला नको. मी तुमच्याशी खोटं बोललो."

आणि त्याने सांगितलं. डोलकाठी, दोर, फुटलेली फळी, कप्तानाचा हुकूम, कुऱ्हाड. नोंदवहीत काय लिहिलं ते सांगितलं. ती ऐकत होती. मधेच थांबलो तर आपण पुढे जाणार नाही हे माहीत असल्यामुळे तो थांबला नाही.

"चौथ्या घावाला तो ओरडला. मला म्हणाला, 'काका, एक मिनिट! पाय सुटतोय!' बाकी कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"किती घाव घातलेत?" ताईने विचारलं.

"सहा."

"म्हणजे अजून दोन राहिले होते."

"हो."

"ते तुम्ही घातलेत."

"हो."

"ऐकून."

"ऐकून."

तिने गळपट्ट्याची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. "आणि थांबला असतात तर?"

"फळी फुटली होती. कदाचित सातही जण गेलो असतो. कदाचित त्याचा पाय सुटला असता आणि सातही जण परत आलो असतो. रोज मी ते मिनिट मोजतो, ताई. कधी पुरतं, कधी पुरत नाही. मला माहीत नाही."

तिने गळपट्टा पिशवीत परत ठेवला. मग उठली. "उद्या माझी दुपारची पाळी आहे. सकाळी दहाला बंदराच्या कचेरीत या. हे तिथे सांगायचं."

तो साडेनऊलाच जाऊन बसला. स्वच्छ दाढी केली होती, आणि तिथूनच तुरुंगात नेतील असं गृहीत धरून लेकीसाठी चिठ्ठी उशीखाली ठेवून आला होता. ताई दहाला आली. दोघे बाकावर एका माणसाची जागा सोडून बसले.

अधिकारी तरुण होता, वागायला चांगला होता. त्याने दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं, कपाटातून फाईल काढली. सुताराने सगळं पहिल्यापासून सांगितलं. अधिकाऱ्याने मधे एकदाही तोडलं नाही.

"ही सही तुमची?" शेवटी त्याने विचारलं.

"माझी."

"आणि इथे माझ्या समोर तुम्ही 'बरोबर' म्हणालात. म्हणजे खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"बाकीचे पाच जण?"

"तेही तेव्हा खोटं बोलले."

"त्यांना बोलवावं लागेल. पत्ते आहेत?"

सुताराने विचार केला. आचारी कुठल्याशा गावी, नाव त्याने सांगितलंच नव्हतं. भावांचं जहाज महिन्यापूर्वी सुटलं. सुकाण्याचा पत्ता होता, पण सुकाण्या काय सांगेल हे त्याला माहीत होतं. कप्तानाने सांगितलं असतं का? नसतं. तो तोंडाने बोलला होता, कुठे लिहिलं नव्हतं.

"ते तेच सांगतील जे लिहिलंय," सुतार म्हणाला.

अधिकाऱ्याने फाईल मिटली. "काका, मी तुमच्या मुलासारखा. माझं ऐका. पाच जण एक सांगतात, तुम्ही एकटे दुसरं सांगता. जहाज मोडून झालं, बघायला फळीही उरली नाही. जवळचं माणूस डोळ्यांदेखत गेलं की माणसाला वाटायला लागतं, आपल्याच हातून झालं. माझ्या वडिलांना आईच्या वेळी असंच वाटत होतं. घरी जा, विश्रांती घ्या."

"ते खरं सांगतायत," ताई म्हणाली.

"तुम्ही तिथे होता का, ताई?"

अधिकाऱ्याने शिपायाला सांगून सुताराला जिन्यापर्यंत हात धरून न्यायला लावलं. वेड्या माणसाला धरतात तसा शिपायाने त्याचा दंड हळुवार धरला होता.

बाहेर ऊन होतं. कचेरीच्या पायऱ्यांवरून पूर्ण धक्का दिसत होता. त्यांच्या जहाजाच्या जागी दुसरंच एक जहाज लागलं होतं आणि त्याचे खलाशी ओरडत पोती उतरवत होते.

"ते पाच जण पुन्हा कधी भेटतील तुम्हाला?" ताईने विचारलं.

"आता नाही भेटणार कुणी."

"म्हणजे हे तुम्हाला आणि मला. बास." ती समोर बघत बोलत होती. "काका, महिनाभर मी झोपत होते. तुम्ही जे सांगितलं होतंत त्याच्या भरवशावर झोपत होते. काल झोपले नाही. आता रोज रात्री तो मला तेच सांगणार, पाय सुटतोय म्हणून. तुम्ही कशाला सांगितलंत? पकडून तर कुणी नेलं नाही तुम्हाला."

"मला एकट्याला सहन होईना."

"झालं का हलकं?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली.

मग तिने चेहऱ्यावरून हात फिरवला, पिशवी खांद्याला नीट अडकवली. "मी कुणाला काही सांगणार नाही. धुलाईखोलीत तर नाहीच. पण रविवारी आता मी येणार नाही. तुम्हीही वाटेत दिसलात तर बोलू नका. मी ओळख दाखवली नाही तर वाईट वाटून घेऊ नका, आणि दाखवली तर त्याचा अर्थ काही काढू नका."

"नाही काढणार."

"येते," ती म्हणाली. सवयीने म्हणाली असावी, कारण म्हटल्यावर ती क्षणभर अडखळली. पण शब्द मागे न घेता ती पायऱ्या उतरली. पाळी सुरू व्हायला दीड तास होता, तरी ती दवाखान्याच्याच दिशेने गेली.

सुतार पायऱ्यांवर बसून राहिला. थोड्या वेळाने शिपाई बाहेर आला, म्हणाला, "काका, इथे बसायला परवानगी नाही. घरी कुणाला बोलावू का?"

"नको," सुतार म्हणाला. "जातो मी."